खंडेनवमीचा ट्रेलर

आप्पांच्या पायांबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि त्यांच्या यार्डातही सगळे आप्पाच म्हणत. त्यांच्या चपला होत्या त्या फक्त रस्त्यापुरत्या. ट्रेलरवर डोझरसारखं मशीन चढवायची वेळ आली की त्या ते टायरजवळ काढून ठेवायचे आणि ट्रेलरच्या मागे लावलेल्या लोखंडी रॅम्पवरून अनवाणी वर जाऊन परत खाली यायचे. रॅम्प दोन, म्हणून फेऱ्याही दोन. खाली आले की हात झटकून म्हणायचे, "हां, आता आण." तोवर इंजिनाला किल्ली लावायची कुणाची छाती नव्हती. रॅम्पवर तेल सांडलेलं असेल, ओला चिखल असेल, बारीक खडी असेल, ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण तळव्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. लोखंडी पट्ट्यांवर चालणारं मशीन लोखंडाच्या रॅम्पवर चढतं तेव्हा मध्ये नुसता तेलाचा पापुद्रा आला तरी पुरे, असं ते सांगायचे. उन्हाळ्यात रॅम्प तव्यासारखे तापलेले असायचे तेव्हाही ही फेरी चुकली नाही. रात्री आई पितळेच्या वाटीने त्यांच्या तळव्यांना तेल चोळायची आणि दर वेळी तेच पुटपुटायची, "शेठचं लोखंड आणि आमचं कातडं." आप्पा डोळे मिटून हसायचे.

आम्ही मुंबईच्या हद्दीबाहेर पेणकरपाड्यात दोन खोल्यांत राहायचो. घर आप्पांच्या कामामुळे तिथं आलं होतं. रत्नागिरीकडून मुंबईत, मुंबईतून इथं, असा आमचा प्रवास. भोवती तेव्हा भातखाचरं होती, पलीकडे मिठागरं होती, आणि दोन्हींवर भराव पडत होता. भराव सपाट करायला डोझर लागायचे, रस्त्याला रोलर लागायचे, आणि हे सगळं भाड्याने देणाऱ्या एका शेठचं यार्ड हायवेच्या कडेला होतं. आप्पा तिथं लोडिंगचे प्रमुख. प्रमुख म्हणजे खुर्ची वगैरे काही नाही. मशीन ट्रेलरवर चढवायचं, चारी कोपऱ्यांना साखळ्यांनी आवळायचं, पट्ट्यांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे ठोकायचे आणि ते जिथं पाहिजे तिथं धड उतरवून द्यायचं, एवढी त्यांची जबाबदारी. साखळी आवळून झाली की पान्याने तिच्यावर एक टोला मारायचे आणि कान लावायचे. ताठ साखळीचा आवाज वेगळा, ढिलीचा वेगळा. यार्डातून निघालेली गाडी थोडं अंतर जाऊन पुन्हा थांबवायची आणि पुन्हा प्रत्येक साखळी वाजवायची, हाही त्यांचा नियम. ती जागा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच यायची, त्यामुळे टण् टण् आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची.

घरातही तोच कारभार. गावाला जाताना एसटीच्या टपावर आमची वळकटी आप्पा बांधायचे आणि उतरल्यावर ती सोडवायला चार माणसं लागायची. केबिन रोडच्या बाजारातून आणलेली भाजीची पिशवीसुद्धा ते रिक्षात अशी अडकवून ठेवत की रिक्षावाला म्हणायचा, "चाचा, सब्जी है, भागेगी नहीं." आप्पांना राग यायचा नाही. ते म्हणायचे, जी वस्तू हलणार नाही असं वाटतं तीच हलते. मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटायचं. मी बारावीत होते, इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले होते, आणि आपल्या वडिलांचं काम म्हणजे साखळ्या बांधणं, हे कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगताना जीभ अडखळायची. मी "कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत" असं सांगायचे. खोटं नव्हतं, पण त्यात खरेपणाही फार नव्हता.

हिराजीची ओळख इथंच करून देते. तो खाडीकडच्या गावातला, आगरी, तिशीच्या आतला, आणि यार्डातला सगळ्यात चांगला डोझर चालवणारा. आप्पांनीच त्याला शिकवलं होतं. म्हणजे आप्पांना मशीन चालवता येत नव्हतं, पण कसं चढवायचं ते त्यांनी शिकवलं होतं. आप्पा समोर बाजूला उभे राहून हातांनी खुणा करायचे आणि हिराजी फक्त त्यांच्या हातांकडे बघायचा. त्या वेळी बाकी कुणी हात उचलायचा नाही, डोकं खाजवायलासुद्धा नाही. आमच्याकडे आला की हिराजी उंबऱ्यावरच बसायचा, घरून आणलेल्या सुक्या बोंबलांची पुडी आईकडे द्यायचा आणि म्हणायचा, "आप्पांचा हात हाय तवर मला काय भीती न्हाय."

त्या वर्षी शेठनी जुनाच, पण यार्डासाठी नवा असा एक ट्रेलर घेतला. रॅम्पही त्याच्याबरोबर आलेले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. घसरू नये म्हणून त्यांच्यावर आडव्या सळ्या जोडलेल्या असतात, त्या जवळजवळ झिजून गेल्या होत्या. आप्पा म्हणाले, नव्या सळ्या जोडून घेऊ, दसऱ्यानंतर. दसऱ्याला वेल्डर गावी गेलेला. खंडेनवमीची पूजा मात्र करायची होती. दर वर्षी यार्डातली माणसंच हळदकुंकू लावून उरकायची. त्या वर्षी आई म्हणाली, "नवी वस्तू आलीये, बायकांच्या हातची पूजा होऊ दे." शेठना काय, त्यांनी मान हलवली. सकाळी यार्ड रिकामं होतं. आई आणि मी बादल्या, नारळाच्या शेंड्या आणि साबणाचा चुरा घेऊन गेलो आणि तो अख्खा ट्रेलर धुऊन काढला.

पाणी यार्डातल्या बोअरिंगचं, खारं. त्याला फेस येत नाही, हे इकडच्या कुठल्याही बाईला माहीत होतं. आमच्याकडे टँकरचं गोडं पाणी फक्त पिण्याला आणि डाळीला. दोन तास घासल्यावर लोखंड राखाडी चमकायला लागलं आणि मला असा काही आनंद झाला की विचारू नका. आईने मात्र कपाळाला आठी घातली. "खाऱ्या पाण्याने धुतलंय. सकाळपर्यंत लालभडक होईल." तिचं खरं होतं. घरी विळी एक रात्र ओली राहिली तरी तिच्यावर गंज चढायचा, म्हणून आमच्या कोकणात खंडेनवमीला कोयता, विळी, कुदळ सगळ्याला खोबरेलाचा हात फिरवतात. आईने घरून तेलाची बाटली आणलीच होती. "साखळ्यांचे आकडे आणि आवळायचे दांडे पुसून घे," असं मला सांगून ती घरी वडे करायला गेली. काळ्या वाटाण्याचं सांबारं सकाळीच करून ठेवलं होतं, आणि वडे गरमच हवेत हा आप्पांचा हट्ट.

मी आकडे पुसले, दांडे पुसले. बाटलीत तेल उरलं. रॅम्प मी स्वतः घासले होते, आणि उद्या सगळे येतील तेव्हा ते गंजलेले दिसले तर माझी मेहनत कुणाला दिसणार? मी फडकं तेलात बुचकळलं आणि दोन्ही रॅम्प वरपासून खालपर्यंत पुसून काढले. मग दोन्हींवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, खाली झेंडूच्या पाकळ्यांची ओळ लावली. आईने सांगितलं होतं तेवढंच केलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशातली ती गत. पण त्या दुपारी मला माझा इतका अभिमान वाटत होता की मी जाता जाता दोनदा मागे वळून बघितलं.

दसऱ्याच्या सकाळी, आता जिथं इंद्रलोकच्या इमारती आहेत त्या बाजूला, एका बिल्डरला मुहूर्तावर डोझर उभा करून हवा होता. नऊच्या सुमाराला आम्ही सगळे यार्डात जमलो. ट्रेलर निघताना आईने नारळ फोडायचा असं ठरलं होतं. हिराजी अंघोळ करून, नवा शर्ट घालून आलेला. आप्पांनी सवयीने चपला काढल्या, रॅम्पपाशी गेले आणि थांबले. समोर कुंकू, अक्षता, झेंडू. आदल्या दिवशी पुजलेली वस्तू. तिच्यावर पाय कसा ठेवायचा? मी तिथंच उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते क्षणभर घुटमळले, मग वाकून रॅम्पच्या कडेला, माझं फडकं पोचलं नव्हतं तिथं, हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि बाजूला झाले. "आण," म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते योग्यच वाटलं. मलाही. देवाच्या वस्तूवरून पायाने चालत जाणारा बाप मला आवडला नसता.

मशीन अर्ध्यावर गेलं आणि डावा पट्टा जागच्या जागी गरगर फिरला. पुढचं फार भराभर झालं. डोझर तिरका होऊन मागे सरकला, एका बाजूने रॅम्पवरून उतरला, रॅम्प आकड्यातून निसटून उडाला आणि सगळं धूड कलंडायला आलं. आप्पा दोन्ही तळवे दाखवत ओरडत होते, "बसून रहा, हिराजी, बसून रहा." पण त्याने तोवर वरच्या बाजूने उडी मारली होती. मशीन पूर्ण उलटलं नाही, खाली पडलेल्या रॅम्पवर टेकून राहिलं. कुठलीशी नळी फुटली आणि काळं तेल भळाभळा सगळीकडे पसरलं. हिराजी पाय धरून मातीत पडला होता, आणि पाय गुडघ्याखाली जिथं वाकायला नको तिथं वाकलेला होता. आईच्या हातात नारळ तसाच राहिला.

त्या काळ्या तेलाने माझं खोबरेल झाकून टाकलं. दुपारी आप्पांनी रॅम्प पाहिले तेव्हा दोन्हींवर बोटभर तेल होतं, आणि ते मशीनचं, हे उघडच होतं. मशीन घसरलं कशामुळे हे मात्र कुणालाच सांगता येईना. मग शेठनीच कारण शोधलं. नवमीच्या रात्री हिराजी त्याच्या गावच्या मंडपात नाचला होता, असं वॉचमन म्हणाला. नाचला म्हणजे प्यायला, आणि प्यायला म्हणजे सकाळपर्यंत उतरली नव्हती. दोन दिवसांत सगळं यार्ड ते छातीठोकपणे सांगायला लागलं. मी घरी जेवत होते, कॉलेजला जात होते, रात्री मात्र अंथरुणावर उठून बसायचे. आईला वाटत होतं मी अपघात पाहिला म्हणून घाबरलेय. तिने माझी दृष्ट काढली. ती मीठमोहरी उतरवत होती तेव्हा मला सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही. आप्पांची नोकरी जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आज विचार करते तेव्हा कळतं, की नोकरीचं नाव पुढे केलं होतं, भीती मला माझ्यापुरतीच होती. चकचकीत ट्रेलरचं कौतुक ऐकायला आलेली मुलगी मला माझ्या स्वतःच्या नजरेत तशीच राहायला हवी होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आप्पा लवकर घरी आले. हातात कोरा फुलस्केप कागद होता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. "सुमे, तुझं अक्षर चांगलं आहे. एक लिहून दे." शेठना आप्पांच्या सहीचा कागद हवा होता, हिराजी दारूच्या नशेत मशीनवर बसला होता असा. तो मिळाला की हिराजीचा हिशेब संपला, आणि हायवेवरच्या दुसऱ्या कुठल्याही यार्डात त्याला कुणी उभं केलं नसतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्हाला आला होता का वास?"

"नाही आला," आप्पा म्हणाले. "पण शेठ म्हणतो, 'आप्पा, मशीन अपने आप थोडी गिरता है?' ते तर खरं आहे ना? मशीन आपोआप घसरत नाही. मी चार दिवस तेच डोक्यात घोळवतोय. मला दुसरं काही सापडत नाही."

मी पेन उघडलं. 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलं. पुढे आप्पा सांगत होते, हळूहळू, शब्द शोधत, आणि 'हिराजी' हा शब्द आला तेव्हा माझा हात थांबला. माझ्या अक्षरात ते लिहिलं जाणार होतं, हे काही मला सहन होईना. मी म्हटलं, "आप्पा, रॅम्पला मी तेल लावलं होतं. खोबरेल. गंज येऊ नये म्हणून."

मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. आप्पांनी कधी मारलं नव्हतं, पण आज मारतील आणि मारायलाच हवं, असं वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकाला की दोन्हींना?" मी म्हटलं, दोन्हींना. "पूर्ण?" पूर्ण. त्यांनी माझ्यापुढचा कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तेल तू लावलंस. पण बघायचं काम माझं होतं. मी पाय लावला असता तर पहिल्याच पावलाला कळलं असतं. मी नमस्कार करून मोकळा झालो." आई बाहेर येऊन म्हणाली, "पूजेच्या वस्तूला पाय कसा लावणार होतात?" त्यावर ते चिडले. मी त्यांना तसं चिडलेलं फार क्वचित पाहिलं. "मग पूजा पुसून काढायची होती. त्या रॅम्पवर माणूस चढणार होता."

दुसऱ्या दिवशी ते शेठना सांगून आले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, 'घरच्यांनी तेल लावलं, मी तपासलं नाही' असं सांगितलं. शेठनी त्यांना लोडिंगवरून काढलं आणि सामानाच्या खोलीत बसवलं, नटबोल्ट मोजून द्यायला. तिथं त्यांना खुर्ची मिळाली, आणि ती त्यांना कधी आवडली नाही. मी पुढे एका शाळेच्या कचेरीत नोकरीला लागले, निवृत्त झाले, आता हायवेवरून रिक्षाने जाते तेव्हा पुलाच्या नाहीतर मेट्रोच्या कामाची अवाढव्य मशीनं घेऊन चाललेले ट्रेलर दिसतात आणि माझी नजर आधी साखळ्यांकडे जाते. ढिली दिसली की दिवसभर चैन पडत नाही. हिराजीचा पाय बरा झाला, तो परत मशीनवर बसला आणि पुष्कळ वर्षं बसला, हेही इथंच सांगून टाकते. पण मला लिहायचंय ते त्या दुपारचं. शेठकडून आले तसे आप्पा मला म्हणाले, "चल. त्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

हिराजीचं घर खाडीच्या बाजूला, कौलारू, अंगणात जाळी वाळत घातलेली. तो ओटीवर खाटेवर पडला होता, पाय प्लॅस्टरमध्ये. त्याची आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून तो उठायला गेला, आप्पांनी खांद्यावर हात ठेवून त्याला निजवलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आप्पांनी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आप्पा, मी आता मशीनवर बसनार न्हाय. भावासंगती होडीवर जातंय. माजा हात गेला. तुमी दावलं तसंच मी केलं असं मला वाटतंय, पन मग मशीन घसरली कशी? म्हंजी कायतरी मीच चुकलो." तो हे अगदी शांतपणे बोलला. लोक त्याला दारुडा म्हणत होते, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. स्वतःचा हात चुकला, हेच त्याला खात होतं.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. काय काय सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तेल मी लावलं, दोन्ही रॅम्पना लावलं, तुम्ही काही चुकला नाहीत, असं काहीतरी बोलले. हिराजीने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. मला वाटलं होतं तो संतापेल, शिव्या देईल. त्याने आईकडे मान वळवली आणि म्हणाला, "आई, आयकलंस? माजा हात न्हाय चुकला." आणि हातांनी तोंड झाकून तो मोठा माणूस रडायला लागला, हसतही होता आणि रडतही होता. आप्पा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि त्यांचेही डोळे भरून आले. मला एकदम हलकं वाटलं. सुटले, असंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच्या आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती रागावलेली नव्हती, निदान आवाजात तरी राग नव्हता. तिने मला जवळ बोलावलं, वर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "चार दिस झालं, माजा पोरगा जेवला न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडलाय. तू चार दिस कुठं व्हतीस गं पोरी?"

मी म्हटलं, "घरीच होते."